देखावा २०२५ : पडद्यावरची मुंबई (कामाच्या नोंदी)

८ जून, रविवार

काल मंडळाच्या मीटिंगमध्ये विषय पास झाला एकदाचा. यंदा किल्ला नाही, मंदिर नाही, चांद्रयान पण नाही. सिनेमातली मुंबई. सिनेमे निवडायचे आणि पॅनलवरचा मजकूर लिहायचा हे काम माझ्याकडे, चित्रं जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकणारी आमच्या दुसऱ्या मजल्यावरची पोरगी काढणार, आणि सनबोर्ड, लाइटिंग, बांबू हे सगळं नेहमीप्रमाणे पोरं बघतील. फोटो किंवा पोस्टर छापायचं नाही हे आधीच ठरवलंय, सगळं हातानं काढलेलं पाहिजे. गणपती २७ ऑगस्टला, त्यामुळे मजकूर जुलैअखेर हातात पाहिजे असं खजिनदार काकांनी बजावलंय.

हा विषय गिरगावात नाही करायचा तर कुठे करायचा सांगा. राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ला लागला तो इथल्या कोरोनेशनला, आणि आलम आरा १४ मार्च १९३१ला लागला तो इथल्याच मॅजेस्टिकला. म्हणजे देशातला पहिला मोठा मूकपट आणि पहिला बोलपट दोन्ही आपल्या पायी अंतरावर, आणि आज दोन्ही थेटरं नाहीत. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे, तिथून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना त्या नावामागचं काहीच माहीत नसतं. पहिलं पॅनल याचंच.

१५ जून, रविवार

यादी करायला बसलो तर शंभराच्या वर नावं निघतील असं दिसायला लागलं. मुंबईत शूट झालेला म्हणजे मुंबईचा सिनेमा असं धरलं तर अर्धं बॉलिवूड आत येतं. काहीतरी चाळणी पाहिजे होती.

मी दोन प्रश्न ठरवलेत. सिनेमातला माणूस राहतो कुठे, आणि घरी जातो कसा? या दोन्हीचं उत्तर सिनेमा बघून देता आलं पाहिजे. मुंबईत माणसाचं सगळं काही या दोन गोष्टींवर ठरतं, किती जागा वाट्याला आलीय आणि कितीची गाडी पकडायची आहे, त्याचं लग्न, त्याचा राग, त्याची नोकरी, त्याची झोप सगळं. ज्या सिनेमाला हे माहीत नाही तो इथे येऊन फोटो काढून गेलाय फक्त. सी लिंकवरून ड्रोन फिरवला, मरीन ड्राइव्हचे दिवे दाखवले, पावसात हिरोइन भिजवली की झाली मुंबई असं मानणारे दिग्दर्शक मला अजिबात आवडत नाहीत आणि या देखाव्यात त्यांना जागा नाही.

पोरांचं म्हणणं पडलं की मग स्लमडॉग मिलेनियर पण उडेल. उडू दे. वेग आहे, रेहमानचं म्युझिक आहे, आठ ऑस्कर मिळाली हे सगळं खरं, पण प्रश्नोत्तरांच्या खेळाला हवा तसा तो पोरगा शहरभर उडत राहतो, त्याच्या रोजच्या जगण्याला वजनच येत नाही.

२२ जून, रविवार

पहिला पक्का सिनेमा : मुंबईचा जावई, १९७०, राजा ठाकूर.

काल रात्री परत बघितला आणि मी ठामपणे म्हणतो की मुंबईच्या जागेवर इतका थेट सिनेमा नंतर फार कमी लोकांना जमला. गोष्ट एवढीच की चाळीतलं भरलेलं घर, त्यात नवीन सून येते, आणि नवराबायकोला दोन मिनिटं एकत्र बसायला जागा नाही. बस. यात व्हिलन नाहीये, सासरची सगळी माणसं चांगली आहेत, आणि तेच तर दुखतं, कारण भांडायला कुणी समोरच नाही, आहेत त्या फक्त भिंती. का रे दुरावा आपण रेडिओवर रुसव्याचं गोड गाणं म्हणून ऐकतो, गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आशाताईंचा आवाज, पण त्या घराची अडचण डोक्यात ठेवून ऐका, सगळं गाणं बदलतं. हाक मारायची आहे पण मोठ्यानं मारता येत नाही असं गाणं आहे ते. आशाताई ते गातात पण तसंच, दबक्या आवाजात, लाडात, आणि कुठेतरी थोडं चिडून.

बासू चटर्जींनी यावरूनच १९७२ला पिया का घर केला, जया भादुरी आणि अनिल धवन. तोही छानच आहे, पण मला मूळचा जवळचा. हिंदीत चाळ जराशी नटते.

जेजेवालीला सांगितलंय की या पॅनलवर माणसं काढायची नाहीत, रात्री अंथरुणं घातल्यावर जमिनीवर किती जागा उरते तेवढंच काढ. तिनं स्वतःच्याच घराचं माप घेतलं.

६ जुलै, रविवार, आषाढी

आज मुद्दाम द लंचबॉक्स घेतला. रितेश बत्राचा, २०१३. लोकांना यातली चिठ्ठ्यांची प्रेमकथा आठवते, इरफान आणि निम्रत कौर. मला मात्र नवाजुद्दीनचा शेख आठवतो जो घरी जाताना लोकलमध्ये बसून भाजी चिरतो. ऑफिसच्या फायलींवर ठेवून. मग त्या फायलींना वास येतो. हे सुचायला लेखक त्या डब्यात बसलेला असावा लागतो, कारण लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, पालेभाजी निवडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी ऐकल्या-बघितल्यात, पण पुरुषाच्या हातात ती सुरी देणं आणि त्यातून हा माणूस घरी जाऊन स्वयंपाक करतो, कुणासाठी तरी लवकर पोचायचंय त्याला, हे न सांगता सांगणं, याला म्हणतात लिहिणं. आणि वरच्या मजल्यावरच्या आंटी! भारती आचरेकर. पूर्ण सिनेमात दिसत नाहीत, फक्त आवाज आणि खिडकीतून खाली येणारी टोपली. मजल्या-मजल्यांमधून जी मुंबई चालते ती एका टोपलीत दाखवली.

डबेवाले खरेच आहेत सिनेमात, आणि शेवटी ते गाडीत टाळ घेऊन माऊलीचा गजर करतात. ही मंडळी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागातली, बरेचसे वारकरी, १८९०पासून हा धंदा चाललाय, डब्यावर रंगानं आणि आकड्यांनी खुणा करायच्या आणि त्यावरून कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या बिल्डिंगला न्यायचा ते ठरतं. त्या खुणेचं डिझाइन जेजेवालीला इतकं आवडलं की सगळ्या पॅनलचे नंबर तशाच पद्धतीनं घालायचे ठरलं. छान दिसतंय.

१३ जुलै, रविवार

सत्या या सिनेमावरून वाद. मोठा वाद.

पोरांना त्यातल्या गुंडाचं, भिकू म्हात्रेचं आठ फुटी कटआउट पाहिजे. काकांचं म्हणणं, गणपतीच्या मांडवात गुंड नको, आणि त्यातून त्या सिनेमात ऐन विसर्जनाच्या गर्दीत खून आहे, बाप्पासमोर तो सिनेमा लावणार का तुम्ही? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण सत्या गाळून मुंबईचा देखावा होऊच शकत नाही हे माझं मत आहे आणि मी ते मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं.

कारण असं की ३ जुलै १९९८ला सत्या आला तोपर्यंत हिंदीतला डॉन म्हणजे पांढरा सूट, गोल जिना आणि मोठ्ठा सोफा. रामगोपाल वर्मानं आणि लिहिणाऱ्या अनुराग कश्यप, सौरभ शुक्लानं त्याला खोलीत आणलं. भिकूला बायको आहे, ती त्याच्यावर खेकसते, तो तिच्यावर खेकसतो, घरात पोरं आहेत. सत्या विद्याच्या शेजारीच राहतो, आणि तो काय धंदा करतो हे शेजारणीला माहीत नाही, ही गोष्ट फक्त याच शहरात पटते, जिथे भिंत एक असते आणि माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. भिकूची बायको झालेली शेफाली शाह त्यात किती थोडा वेळ आहे, तरी भिकूचं घर तिच्यामुळे उभं राहतं. आणि पाऊस. सिनेमातला पाऊस असा चिकट, कंटाळवाणा, कपडे न सुकणारा त्याआधी मी बघितला नव्हता.

शेवटी तोडगा निघाला. कटआउट नाही, बंदूक नाही, समोरासमोरची दोन दारं काढायची, एक सत्याचं आणि एक विद्याचं. काकांनी मान डोलावली. पोरं अजून फुगलेली आहेत पण कामाला येतील.

१६ जुलै, बुधवार

गमन (१९७८) आणि घरौंदा (१९७७) एका पॅनलवर घेतोय, दोन्हीला संगीत जयदेवचं, दोन्हीत माणूस मुंबईशी हिशोब करतोय. मुझफ्फर अलींच्या गमनमध्ये फारुख शेख गावाकडून येऊन टॅक्सी चालवतो आणि शेवटी स्टेशनवर उभा आहे, पैसे गाठीला आहेत पण तिकिटातच निम्मे जातील म्हणून गाडीत चढत नाही. सीने में जलन हे सुरेश वाडकरांचं गाणं लोक मैफिलीत ऐकतात, वाहवा करतात. ते टॅक्सीच्या काचेतून दिसणाऱ्या रस्त्याचं गाणं आहे.

घरौंदामध्ये पालेकर आणि झरीना वहाब पै पै जमवून फ्लॅट बुक करतात आणि बिल्डर पैसे घेऊन पळतो. १९७७चा सिनेमा! आमच्या वाडीतल्या एका कुटुंबाचं हेच झालंय, अजून भाड्याच्या जागेत आहेत. पुढे त्यात श्रीमंत साहेब येतो, डॉ. लागू, आणि तिथे सिनेमा थोडा फिल्मी होतो खरा, पण पहिला अर्धा भाग सोन्यासारखा. दोघं रिकामं, अर्धवट बांधलेलं घर बघत फिरतात ना, भिंती नाहीत आणि यांचं फर्निचर ठरलंय, ते बघताना पोटात कालवतं.

२० जुलै, रविवार

डोंबिवली फास्ट. २००५, निशिकांत कामत, बिचारे २०२०ला गेले, अजून किती करायचं होतं त्यांना.

पहिली काही मिनिटं जगात कुठल्याही सिनेमाच्या बाजूला ठेवा. गजर, आंघोळ, कुकर, डबा, रिक्षा, गाडी, ऑफिस, गाडी, घर, परत गजर. तेच शॉट परत परत आणि दर वेळी थोडे जास्त वेगानं. माधव आपटे झालेल्या संदीप कुलकर्णीचा चेहरा त्यात हळूहळू दगड होत जातो. पुढे माधव आपटे बॅट घेऊन निघतो ते थेटरात टाळ्या खाणारं आहे, मी पण वाजवल्यात, पण आज मला ते कमी पटतं. शहराची गाठ इतकी घट्ट बांधून दाखवली आणि मग ती फटक्यानं तोडायला घेतली, त्यात गाठ कुणी मारली हा प्रश्न राहून जातो. तरी पॅनल नक्की. फक्त सकाळचं वेळापत्रक लिहायचं पॅनलवर, बाकी काही नाही.

लालबाग परळ (२०१०) बद्दल पण असंच. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे ज्या विषयावर दहा सिनेमे व्हायला पाहिजे होते. मांजरेकरांनी केला हे मोठंच, पण उत्तरार्धात रक्त फार उडतं. मूळ जयंत पवारांचं नाटक अधांतर, ते एका खोलीतून बाहेर पडत नाही आणि त्यामुळेच जास्त गुदमरायला होतं. पॅनलवर दोन्हीची नावं देणार.

२७ जुलै, रविवार

आज कोर्ट. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४. हे पॅनल लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला मुंबईवरचा सगळ्यात मोठा सिनेमा हाच.

लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. खटला बेताल आहे, पण सिनेमा ओरडत नाही. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही, आपण कोर्टात मागच्या बाकावर बसल्यासारखे बघत राहतो, पुकारा, तारीख, पुकारा, तारीख. मग त्या कामगाराची बायको साक्षीला येते. तिला विचारतात आणि ती साध्या आवाजात सांगते की तो आत उतरायच्या आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. झुरळं नाही आली तर उतरायचं नाही. एवढीच त्याची सेफ्टी. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा, गॅसनं एक डोळा गेलेला. ती हे रडत नाही सांगत. महिन्याचा हिशोब सांगावा तसं सांगते, आणि लगेच पुढचा प्रश्न. मी तो प्रसंग थांबवून परत लावला, परत लावला, त्यात कुठेही म्युझिक नाही, कुठेही क्लोजअप घुसवलेला नाही.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी वकील नूतन, गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती जुने कायदे घडाघडा वाचते आणि एका म्हाताऱ्याला आत ठेवायला झटते. मग सिनेमा तिच्या मागे मागे तिच्या गाडीत जातो. लेडीज डबा, शेजारणीशी ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा, मुलाला घ्यायचं, घरी येऊन ओट्याशी उभं राहायचं, सगळ्यांना वाढायचं. बचावाचा वकील व्होरा आपल्या कारमध्ये जॅझ ऐकत मोठ्या दुकानात चीज आणि वाइन घ्यायला जातो. कुणी कुठे राहतो आणि घरी कसा जातो, माझे दोन्ही प्रश्न ताम्हाणेनं असे सोडवलेत की निकालाची गरजच उरत नाही. नूतन दुष्ट नाहीये. ती आमच्या शेजारी राहते. सुट्टीत सगळं कुटुंब मराठी नाटकाला जातं आणि परप्रांतीय जावयाची टर उडवणाऱ्या त्या नाटकाला सगळं थेटर हसतं, ते बघताना मला खूप वेळ गप्प बसवलं या सिनेमानं, कारण ती थेटरं मला माहीत आहेत, ती हशाची जागा पण माहीत आहे.

वीरा साथीदार २०२१च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांचा नारायण कांबळे जामीन मिळाला की सरळ पुढच्या कार्यक्रमाला जाऊन उभा राहतो. पॅनलवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात.

काकांनी विचारलं, देखाव्यात गटार दाखवणार का? मी म्हटलं मॅनहोलचं झाकण, खडा आणि झुरळ. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले दाखवा.

३ ऑगस्ट, रविवार

मजकूर जवळजवळ पूर्ण. सिंहासन (१९७९) घेतला, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल. बाकी सगळे सिनेमे खोलीतले आणि हा मंत्रालयातला, पण पत्रकार दिगू टिपणीस त्या सगळ्या दालनांतून फिरतो आणि त्याला कुठेच बसायला जागा नाही असं निळूभाऊ फुले चालण्यातूनच दाखवतात. आजच्या पोरांना हा बघायला लावला, कृष्णधवल म्हणून आधी कंटाळले, मग फोन बाजूला ठेवले, मग विचारायला लागले हा कोण, तो कोणाच्या गटात.

गली बॉय (२०१९) पण आहे. रॅपपेक्षा मला त्यातली खोली महत्त्वाची, बाप दुसरी बायको घेऊन येतो आणि एवढ्याशा घरात सगळ्यांनी राहायचं, आणि परदेशी टुरिस्ट येऊन ते घर बघून जातात. विजय राज काय बाप झालाय!

१० ऑगस्ट, रविवार

ऑल वी इमॅजिन ॲज लाइट. पायल कपाडिया, २०२४, कानला ग्राँ प्री मिळालं. सिनेमा बराचसा मल्याळममध्ये म्हणून आपल्याकडे कुणी फारसा बघितला नाही, हे मला खरंच खटकतं. नर्सेसची गोष्ट आहे आणि त्यांच्या हॉस्पिटलमध्ये स्वयंपाक करणारी पार्वती आहे आपली छाया कदम. रत्नागिरीकडची बाई, चाळीत वर्षानुवर्षं राहिली, नवरा गेला, आता बिल्डर घर पाडणार आणि हिच्याकडे जागेचा एकही कागद नाही. नवऱ्यानं कधी काही सांगितलंच नाही. मग रात्री ती आणि नर्स प्रभा दोघी जाऊन बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात, आणि पार्वती गावी निघून जाते.

मुंबईचा जावईपासून इथपर्यंत एक सरळ रेघ आहे. तेव्हा जागा कमी होती. आता आहे तीही कुणाची याचा पुरावा द्यायचाय. आमच्या गल्लीत मेट्रोसाठी आणि रिडेव्हलपमेंटसाठी रिकाम्या झालेल्या बिल्डिंगी रोज दिसतात, कागद शोधत फिरणाऱ्या म्हाताऱ्या बायका मी स्वतः बघितल्यात. म्हणून हे पॅनल मुंबईचा जावईच्या बरोब्बर समोर लावायचं, मधून लोकांनी चालत जायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून तुफान पाऊस, गाड्या बंद, सगळे घरी. मांडवात पाणी आलं पण पॅनल अजून वरच्या पॅसेजमध्ये होती म्हणून वाचली. सगळं पुठ्ठ्याचं काम प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. पोरं रात्रभर आळीपाळीनं बसली, भिकूवरून फुगलेली तीच.

बसल्या बसल्या द डिसायपलचा मजकूर परत लिहिला, ताम्हाणेचाच सिनेमा, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरदवरचा. रात्रीच्या रिकाम्या पुलावर शरद बाइकवरून जातो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज, तो आवाज सुमित्रा भाव्यांचा. या शहरात शांतता फक्त रात्री, फक्त रस्त्यावर आणि फक्त हेडफोन लावून मिळते. घरी रियाजाला ती कुठून आणणार? हे वाक्य तसंच ठेवतोय, लांब झालं तरी.

२४ ऑगस्ट, रविवार

पॅनल चढली. हरिश्चंद्राची फॅक्टरी प्रवेशाला घेतलाय, परेश मोकाशींचा फाळक्यांवरचा सिनेमा. काही लोकांना तो फार हलकाफुलका वाटतो, मला वाटत नाही. घरातली भांडीकुंडी विकून सिनेमा करणारं कुटुंब रडतखडत दाखवणं सोपं होतं, त्यांनी ते हसतं दाखवलं, बायका मिळेनात म्हणून मिशीवाले पुरुष तारामतीच्या मैत्रिणी झाले आणि त्यांच्या मिशा काढण्यावरून रामायण झालं, तेही त्या कुटुंबासारखंच आनंदानं.

जाने भी दो यारो राहत होता, जागाच नव्हती. बिल्डर, कमिशनर आणि कोसळलेला पूल, १९८३चा, कुंदन शाहचा. तो नाही घेतला तर मला झोप येणार नाही असं मी म्हणल्यावर जेजेवालीनं बाहेर पडायच्या दाराच्या मागच्या बाजूला चार बाय दोनचा तुकडा काढून दिला. मजकूर आज रात्री लिहून उद्या सकाळी नऊच्या आत प्रिंटवाल्याकडे द्यायचाय, तो दहाला दुकान सोडून दुसऱ्या मांडवाच्या कामाला जातो.